सहा बोल्टांचा डबा

जबाब
दिनांक १९ जानेवारी २००३, रविवार, दुपारी १ वाजून १० मिनिटे

मी कुसाबाई बुधा भोये, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी, गोदातीर नेमबाजी मंडळात देखरेख व झाडलोट, राहणार मंडळाच्या आवारातली खोली, गंगापूर रोड, नाशिक, मूळ गाव तालुका पेठ. पोलीस चौकीत आपल्या पायांनी येऊन, कोणी पढवलेलं नसताना सांगते ते असे.

मी मंडळात चौदा वर्षांपासून कामाला आहे. मुलामुलींना शिकवण्यासाठी मंडळाकडे पॉइंट टू टू बोअरच्या सहा रायफली आहेत. त्या लोखंडी कपाटात असतात. कपाटाची किल्ली सचिव श्री. धनराज कोठावदे साहेब यांच्याकडे असते. रायफलींचे बोल्ट काढून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नियम आहे. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या मागे बसणारा लोखंडी दांडा. तो नसेल तर रायफल ही नुसती काठी. डब्याची किल्ली माझ्याकडे असते. हे हवालदार पगारे यांना तीनदा सांगावं लागलं.

रायफलींची साफसफाई मला निवृत्त सुभेदार निकम साहेबांनी शिकवली. हाताच्या घामाने लोखंडाला गंज चढतो, म्हणून हात लागला की बाहेरून तेलाचं फडकं दर वेळी फिरवायचं. तेल बोटाला लागलं पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. नळीत मात्र दोनशे-अडीचशे गोळ्या झाल्याशिवाय चिंधी ओढून पुसायची दोरी घालायची नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला घालायची. चिंधी पातळ, दोन बोटांची, आणि शेवटची कोरडी. सुभेदार साहेब दोन वर्षांपूर्वी मुलाकडे सटाण्याला राहायला गेले. तोवर एकाही रायफलीने कधी त्रास दिला नाही.

त्यानंतर कोठावदे साहेबांनी हुकूम काढला की रायफली रोज आतून-बाहेरून चकाचक पाहिजेत. मी म्हटलं, "साहेब, रोज नळी घासायची नाय. दोरी पण झिजते." ते म्हणाले, "कुसाबाई, तुम्ही रोज आंघोळ करता की नाही?" सगळे हसले. नंतर ते काम माझ्याकडून काढून कारकून बागूल भाऊसाहेब यांना दिलं. मला राग आला होता. तो अजून आहे. इथले फौजदार साहेब म्हणतात हे लिहायची गरज नाही, पण मी म्हणते लिहा.

काल शनिवारी सायंकाळी सहा वाजताचे सुमारास लाइट गेलेली असताना बागूल यांनी आजच्या स्पर्धेसाठी सहाही रायफली साफ केल्या. त्यांना दिंडोरीला हळदीला जायचं होतं, त्यामुळे घाई होती. साडेसहाला त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिले. मी ते मोजून डब्यात कुलूपबंद केले. रायफली साहेबांनी कपाटात लावल्या व ते घरी गेले.

आज सकाळी पावणेसात वाजता मी कचऱ्याची बादली रिकामी करत होते. त्यात नळीत घालायची दोरी सापडली. एका टोकाला पितळेचं वजन होतं, दुसरं टोक तुटून विसविशीत झालेलं. चिंधी अडकवायचा फासा नव्हता. मी बादली कागदावर उपडी केली, खोली दोनदा झाडली, कपाटाखाली हात घातला. फासा नाही, चिंधी नाही. मग गेली कुठं? सहापैकी एका नळीत. नळी बंद असताना गोळी झाडली तर नळी फुटते, आणि नेम धरणाऱ्या पोराचा गाल तिथंच टेकलेला असतो.

बागूल यांच्या घरी फोन केला, कोणी उचलला नाही. आठ वाजता साहेब आले. मी त्यांना दोरी दाखवली व म्हटलं, "कपाट उघडा, सगळ्या नळ्या उजेडाला धरून बघा." साहेब मांडववाल्याशी बोलत होते. ते म्हणाले, "अहो, पाहुणे साडेनऊला येतायत. बागूलांनी केलंय ना सगळं? तुम्ही रांगोळीचं बघा." मी परत सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं काम काढून घेतलं म्हणून हे चाललंय, मला कळत नाही का?"

मी रांगोळी काढली नाही. डबा पदराखाली घेतला व चालत इथे आले. हवालदार पगारे म्हणाले, "काय आणलंय मावशी, चिवडा?" मी म्हटलं, "सहा बोल्ट. नळ्या बघितल्याशिवाय कुणाला द्यायचे नाय." त्यांनी मला बाकावर बसवलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी कोठावदे साहेब स्कूटरवरून आले व टेबलावर हात आपटून म्हणाले की बोल्ट चोरीला गेले, कामवाली बाई फरार आहे. मी त्यांच्या मागेच बसले होते. म्हटलं, "फरार कशाला होऊ? मी इथंच हाय की."

फौजदार साहेबांनी डबा ताब्यात घेऊन आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं. मंडळात कपाट उघडलं. फौजदार साहेबांनी एकेक नळी खिडकीकडे धरली. एक ते चार नंबरमध्ये उजेड गोल दिसला. पाच नंबरमध्ये अंधार होता. सहा नंबर स्वच्छ निघाली. पाच नंबरमध्ये सळई घालून ठोकल्यावर फाशासकट चिंधी बाहेर आली. जुन्या बनियनचा बोटभर लांब जाड बोळा, तेलाने थबथबलेला. मी तो हातात घेतला. देवा, वाचलो, असं मी मोठ्याने म्हटलं.

यादीत पाच नंबरसमोर रोशनी या नववीतल्या मुलीचं नाव होतं. ती दारात पोह्यांची बशी घेऊन उभी होती. तिने विचारलं, "मावशी, माझी रायफल का काढली?" मी म्हटलं, "तिला सर्दी झालीय गं, नाक चोंदलंय. तू दोन नंबर घे." मग मी खोलीमागे जाऊन रडले. दुःखाने नाही, बरं वाटलं म्हणून रडले.

कोठावदे साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्पर्धा साडेअकराला पाच रायफलींवर सुरू झाली. बागूल यांचा बाराला दिंडोरीहून फोन आला. पाच नंबर सगळ्यात शेवटी घेतली, दोरी तुटली म्हणून ती टाकून दिली, अंधारात चिंधी दोरीबरोबर निघाली असं वाटलं, असं ते म्हणाले व माफी मागितली. साहेबांनी तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं आहे.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "बोल्ट चोरून नेले" असं आलं होतं. मी म्हटलं, यावर सही करणार नाही. शेजारी कोठावदे साहेब बसले होते. तेच म्हणाले, "खोडा तो शब्द. तो माझा आहे, यांचा नाही." शब्द खोडला असून त्या जागी आम्हा दोघांच्या सह्या आहेत. आता लिहिलं आहे ते खरं आहे.