वडिलांची भूमिका

—अहो, उभे का? बसा ना. शाळा सुटली, खरंय, पण तुमची लेक जरा... हात धुतेय. पाण्यात हात घातला की बाहेर काढायचं नाव नाही ह्या मुलांचं! पाणी घेता? नको? मी घेते. घसा कोरडा पडलाय नुसता — संगीताच्या बाईंचं दुसरं काय असतं, दिवसभर गा नाहीतर ओरडा.

आज काय शिकवलं? तेच तर सांगतेय. दर महिन्याला एक जुना संगीतकार घेते मी. आधी त्याचं लहानपण, ते मुलांनीच नाटक करून दाखवायचं — आणि मग त्याचं संगीत ऐकवायचं. नुसतं ऐकवलं तर जांभया देतात हो, पण तो तुमच्याएवढा असताना काय करायचा म्हटलं की कान टवकारतात. ह्या वेळच्याचे वडील भारी कडक होते. म्हणजे — थोडं कडक असावंच, मी कुठे नाही म्हणते? नाहीतर मुलं डोक्यावर मिऱ्या वाटतात. तर वडील कोण होणार विचारलं, आणि तुमच्या लेकीने हात वर केला! मला इतका आनंद झाला. वर्षभरात वर्गात तोंड उघडलं नव्हतं पोरीने.

छान केलं तिने. फारच छान. मी एवढंच सांगितलेलं, मुलगा चुकला की रागवायचं. बाकीच्या पोरी कशा, कमरेवर हात ठेवतात, डोळे वटारतात — हिने आवाजसुद्धा चढवला नाही. छोटा संगीतकार झालेल्या पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि ती चुकल्याबरोबर हळूच म्हणाली, 'हात काढायचा नाही' — आणि पियानोचं झाकण खाली ओढलं. मी धावले म्हणून, नाहीतर त्या पोरीची बोटं — काही झालं नाही हो, नाटकच ते! मी म्हटलं, अगं, हे कुणी शिकवलं तुला? तर म्हणे, बाई, वडील असंच करतात ना. सगळ्यांचेच.

कुठून काय डोक्यात येतं बघा ह्यांच्या — तुम्ही हसत नाही. मीही हसत नाहीये खरं तर, सवय आहे मला, भीती वाटली की... छे, भीती कसली? तुमची कशाला भीती? आणि तुमच्या लेकीची बोटं सुजलीत ती काय, दारात चेंगरली असतील. डॉक्टर आले की सांगतीलच — म्हणजे, नाही, डॉक्टर कशाला येतील? मोठ्या बाई आपल्या सहज गेल्यात, येतीलच त्यांना घेऊन — बघा, काहीतरीच बडबडतेय मी. बसा. अहो, बसा ना! इकडे नाही, ही सरावाची खोली. रिकामी आहे. हळू बोला. ओरडू नका, हात जोडते, तुमचा आवाज आत —

वाजवायला लागली.

कुणी सांगितलं तिला? कुणीच नाही. तुमचा आवाज ऐकला आणि जाऊन बसली पियानोवर, सुजलेल्या बोटांनी. चुकली. ऐकलंत? आता कुणी काही म्हणालं का तिला? तरी पुन्हा पहिल्यापासून.

नाही. दारातून हलणार नाही मी. बाळा, पुरे. ऐकतेस ना? ऊठ तिथून, खिडकीशी जाऊन बस. आज कुणी काही वाजवायचं नाही.

आणि तुम्ही — बाहेर व्हा.