साधी दुखापत

बुलढाण्याच्या स्टँडवर मंजुश्री देऊळगाव राजाच्या गाडीची वाट पाहत बसली होती. पाठीमागच्या बाकावर कोर्टातून आलेले मायलेक बोलत होते.

“रवी, वकीलसाहेब सारखं ग्रीव्हियस ग्रीव्हियस करत होते. काय असते रे ते?”

“गंभीर दुखापत, माय. तशी असली तर भाऊजीले लंबी सजा होते. ताईची साधी धरली.”

“साधी? काठीनं पोरीची पाठ सोलून काढली ना जावयानं!”

“हाड मोडलं पाहिजे. नाई तर दात पडला पाहिजे.”

“अन् काईच नाई मोडलं तर?”

“तर माणूस पंधरा दिवस कामधंद्याले उठला नाई पाहिजे. ताई आठवड्यातच सोयाबीन सोंगायले गेली, हे त्यायच्या वकिलानं शेजारणीकडून वदवून घेतलं. काऊन गेली ती? तिले तर उभंही राहवत नव्हतं.”

मंजुश्रीची गाडी लागली, पण तिच्यानं उठवेना.

“माहेरी आलेली पोरगी नुसती पडून राह्यली तर गावाले समजन, म्हणून म्याच उठवलं रे तिले. रडत होती. विळा म्याच देल्ला तिच्या हातात.”