सासऱ्यानं हाकलेली गाडी

च्या प्या, पण आमच्या बापू पुतण्याची गंमत ऐका. त्येचा सासरा बावड्यासनं खास काँप्युटरवरची गाडी चालवाया बारामतीला आला. बापूनं पुण्यासनं जॉयस्टिकची दांडी आणलेली, पण गेम तिला वळखीचना.

"तात्या, सासऱ्यापुढं इज्जत जातीया!"

"गप. बसीव त्यास्नी."

मी कीबोर्ड मांडीवर घेऊन मागं बसलो. म्हातारा दांडी डावीकडं वढायचा, मी डावं बटन दाबायचो. म्हातारा लई खूश!

मधीच त्येनं दांडी सोडून तंबाखू मळाया घेतली. मी आपला नादात, गाडी पळवतोयच. बापूचं त्वांड पांढरंफटक.

म्हातारा पडद्याकडं बघून म्हणला, "जावईबापू, घटकाभर हाकली न्हाय तवर आमच्या बैलावानी वाट पाठ झाली की हिला!"