पाणी मोजायचं न्हाई

न्हाई, पण पाणी मोजायचं न्हाई म्हंजे काय? अवो, आमच्या गल्लीत नळ येतो नवव्या दिवशी! आमी घागरी मोजतो, बकिटा मोजतो, शेजारचा दत्तराव तर तांबे मोजतो, अन् हे आमचे शिवशंकर सर, केमिस्ट्रीचे प्रमुख, फळ्यापुढं उभं राहून खुशाल म्हणतेत, "बन्सीधर, या रिॲक्शनमध्ये पाणी मोजायचं नाही!"

तुमाला सांगतो, बावीस वर्षं झाली, मी त्या कॉलेजात लॅबचा शिपाई हाय. बाटल्या धुयाच्या, बर्नर पेटवायचे, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या... आता लॅब असिस्टंटची जागा निघाली, पर अट काय? बी.एस्सी. पास पाहिजे, अन् वय पंचेचाळीसच्या आत. मी चव्वेचाळीस अन् अकरा महिने! अशी जागा निघंल म्हणून तीन वर्षं आधीच पोरांच्या बाकावर बसून समदे पेपर काढले, राहिलं ते एक प्रॅक्टिकल. ते गेलं की जागा गेली. आमची बायको सुलाबाई तर पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलून बसलेली.

परीक्षेला बारा पोरं अन् तेरावा मी. समद्यांसाठी एकच चिठ्ठी उचलली, तर निघालं काय? मिथाइल ॲसिटेट! नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास मारतंय बगा. त्यात ॲसिडाचं पाणी घालायचं. मग हे औषध अन् पाणी, दोघं मिळून नवं ॲसिड तयार करतेत. मधून मधून पाच मिली काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं, म्हंजे रिॲक्शन गारठून जागच्या जागी थांबती, अन् गुलाबी रंग येईस्तोवर वरच्या ब्युरेटच्या नळीतनं थेंब थेंब अल्कली सोडायची. जेवढी अल्कली लागली तेवढं ॲसिड झालं. सोपंय की न्हाई? आता राबले दोघं, पर वेग कोणाच्या नावावर? एकट्या औषधाच्या! कामून? तर पाणी लय असतंय, थोडं सरलं तरी कळत न्हाई. म्हणून पाणी मोजायचं न्हाई! वर नाव काय, तर स्यूडो फर्स्ट ऑर्डर. म्हंजे काम दोघांचं, अन् दाखवायचं एकाचं... आमच्या कॉलेजासारखंच की!

आता बर्फाचं ऐका. एप्रिल महिना, बेचाळीस डिग्री. सकाळीच एष्टी स्टँडवरच्या रसवंतीतनं मी बर्फाची लादी आणली, पोत्यात गुंडाळून. तेवढ्यात रिक्षातनं बाहेरगावचे परीक्षक उतरले, घामाघूम. शिवशंकर सर म्हणले, "बन्सीधर, सरांना काहीतरी गार!" अन् बावीस वर्षांची सवय... हात काय इचारून चालतेत का? बारा पोरांच्या टेबलावर बर्फ ठेवला मी, राहिलेला फोडून परीक्षक सरांच्या उसाच्या रसात घातला तो बी मीच, अन् मपल्या टेबलावर येऊन बघतो, तर बर्फ न्हाई!

रिॲक्शन तर सुरू झालेली! ती काय थांबती व्हय? अन् बर्फाबिगर गुलाबी रंग आला म्हणूस्तोवर गायब! मी बघायलोय सरांच्या गिलासाकडं. त्यात तीन खडे तरंगायलेत. सर एक घोट घेतेत, पेपर वाचतेत, परत एक घोट. "रस फारच गोड आहे हो!" अन् मी मनात म्हणायलोय, गोड हाय तर पिऊन टाका की एकदाचा! शेवटाला त्यांनी गिलास खाली ठेवला अन् मी झडप घातली. खडे धुतले, अन् फ्लास्कच्या आत न्हाई, भाइरून लावले. तेवढी अक्कल हाय मला!

बसलो. आता दर दहा मिनिटाला रीडिंग घ्यायचं, तर... "मामा, ब्युरेट गळायलीय!" ही बारा पोरांतली पंकजा. गेलो. "बन्सीधर, पंखा!" गेलो. "बन्सीधर, सरांना चहा!" गेलो. घड्याळ काय मपल्यासाठी थांबायलंय का? म्हणलं, जवा जमंल तवा घेऊ, अन् खरी वेळ लिहू. सात मिनिटं. एकोणीस. तेवीस. एक्केचाळीस. अन् शेवटचं रीडिंग, रिॲक्शन पार सरल्यावरचं, त्याला म्हणतेत अनंताचं. फ्लास्क कोमट पाण्यात ठिवून ते काढायचं. अन् परीक्षक म्हणतेत, "अनंत पाचच्या आत आटपा, मला गाडी आहे!"

तोंडी परीक्षेला त्यांनी वह्या बघितल्या. बाराच्या बारा वह्यांत दहा, वीस, तीस, चाळीस, आकडे दशांशापर्यंत सारखे. मागच्या वर्षीच्या वहीतनं उतरवलेले, दुसरं काय! मपली वही उघडली अन् चष्मा कपाळावर. "सात? एकोणीस? तेवीस? ही काय रीत झाली?"

म्हणलं, "सर, सातला तुमाला पंखा लागणार, हे तुमच्या घामावरून दिसायलं व्हतं, म्हणून आधीच घेतलं. एकोणीसला चहा दिऊन आलो. तेवीसला तुमाला हात धुयाला पाणी पाहिजे व्हतं. एक्केचाळीसला तुमच्या गाडीचं इचारून आलो. सूत्रात खरी वेळ घातली की झालं, दहाचाच पाहिजे आसं कुठंय?"

सरांनी कॅल्क्युलेटर काढलं. वेगाचा स्थिरांक चारी ठिकाणी सारखा! आलेखाची रेघ सरळ! "याचा उपयोग कुठं होतो?" म्हणलं, "गोळ्यांच्या पाकिटावर शेवटची तारीख असती ना सर, ती काढायला. अन् कपाशीवर फवारलेलं औषध निम्मं व्हायला किती दिवस लागतेत, ते बी."

"बरं. मग पाणी का मोजत नाहीत?"

 म्हणलं, "सर, पाणी पुरतं काम करतंय. त्याच्याबिगर काईच होत न्हाई. पर ते कायम हजर असतंय, लय असतंय, म्हणून थोडं सरलं तर कुणाला दिसत न्हाई. सरत असतंय मात्र."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग उठून मपला हात हातात घेतला. "तीस वर्षांत असं उत्तर ऐकलं नाही." पन्नासात अठ्ठेचाळीस! मपल्या डोळ्याला पाणी. किती आलं? मोजलं न्हाई!

निकाल लागला, जागा बी मिळाली. आता नवा शिपाई येईस्तोवर बाटल्या मीच धुयाच्या, ते सोडा. शिवशंकर सर म्हणले, "बन्सीधर, तुझं अक्षर चांगलं आहे, फळा लिही." ते सांगायलेत, मी लिहायलोय. "परीक्षेस बसले बारा. उत्तीर्ण बारा. निकाल शंभर टक्के!"

म्हणलं, "सर... तेरा व्हते."

"तेरावा कोण?"

मी खडूचं बोट मपल्याच छातीला लावलं.

"अरे हो, तू! तू तर घरचाच माणूस, तुला काय मोजायचं!"

लिहिलं मी. बारा. चांगल्या अक्षरात. मग समद्यांचा फळ्यापुढं फोटो झाला. घरी येऊन सुलाबाईला मोबाइल दिला. ती नुकतीच नारळ फोडून आलेली, बोटानं एकेक तोंड मोठं करून बघायली. "ही पंकजा... हे तुमचे सर... अवो, पास तुमी झालाव ना? मग तुमी कुठं हाव?"

म्हणलं, "बाई, फोटो कोणी काढला मग?"