रूपराव : लागत नाही

— नाई मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू. तिचे तीनच पाय खरे आहेत, चौथा माह्या शब्दावर उभा आहे. इकडं बसा, खिडकीजवळ. भैयाजी नाई म्हणून काय झालं, मी आहे ना — रूपराव. तुम्ही वर्षाली मॅडम, नागपूरच्या, ते कामाचा नफा-तोटा दाखवणारं सॉफ्टवेअर बसवाले आलेल्या, बरोबर? बसा मंग. भैयाजी म्हणजे आमचा मालक, सकाळीच समुद्रपूरले गेला. गिरडच्या बाजूले एक सोलरवाली कंपनी तीनशे एकरात काचा मांडून राह्यली, त्या सगळ्या जमिनीची मोजणी आन नकाशे — त्या कामाच्या भावाचा लिफाफा द्याचा आहे आज, चारच्या आत. तो देईन पावणेचारले. काऊन म्हणता? त्याले आधी माही एक गोष्ट लागते. हसू नका, खरंच सांगतो — बावीस वर्षं झाले, भैयाजी कोणताच लिफाफा माही गोष्ट ऐकल्याशिवाय पेटीत टाकत नाई. शकून आहे तो. फोन करते, म्हणते, रूप्या, एक सांग. मी एक सोडतो. तो पोट धरून हासते, मंग विचारते, मोजून किती? म्हणजे यातलं मोजून खरं किती. मी म्हणतो, रुपयात चार आणे. झालं, लिफाफा पेटीत. साडेतीन झाले का हा फोन वाजन, पाहा. — पण आज मी उचलणार नाई. काऊन ते विचारू नका. विचारलं? सांगतो.

आधी गोष्ट म्हणजे कशी ते ऐका. बोर धरणाच्या वरच्या अंगाले मोजणीले गेलतो आमी दोघं. भैयाजी दुर्बिणीपाशी, मी तिकडं दूर मोजपट्टी धरून उभा. मले लागली एक नंबरची. पट्टी टेकवली पळसाले आन गेलो झुडपामागं. परत येतो तं भैयाजी लांबून हात करून राह्यला — बरोबर, बरोबर, असाच राह्य, हलू नको. मी पाहतो तं पट्टी धरून बिबट उभं. दोन पायावर. आन मॅडम, माह्यापेक्षा सरळ. त्या दिवशीचं माप आजही बोटभर चुकलं नाई — हासल्या ना? भैयाजी तं वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच लोळलता. पण एक ध्यानात ठेवजा, जमीन मोजताना मी बोटभर इकडं तिकडं होत नाई, सूट फक्त गोष्टीत. आन गोष्टीबिगर जमीन मोजू देते कोण? मोजणीवाले आले म्हटलं का लोकाइले वाटते वावर गेलं. धुऱ्यावर काठी घेऊन उभे असते. तिथं भैयाजीचं इंजिनिअरपण चालत नाई. माह्या दोन गोष्टी झाल्या, एक चहा झाला, का तोच काठीवाला साखळीचं दुसरं टोक धरते. सुरुवातीले होतं काय आमच्यापाशी — एक साखळी, एक दुर्बीण, तेही किरायाची, आन भैयाजीची लुना. तो चालवे, मी मागं दुर्बीण मांडीवर घेऊन, लेकरू घेतल्यासारखी.

मंग दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात हे तुमचं शिरलं. कोणतं काम कमावते आन कोणतं खाते, समजाले पाहिजे म्हणे. बरोबर आहे, मी नाई म्हणत नाई. हिंगणघाटकडच्या रस्त्याचं काम आमी फायद्याचं समजलो, पेढे वाटले. तासाचा हिशेब मांडला तं पेढ्याचे पैसे बी अंगावर. तवा भैयाजीनं सगळ्याइले बसवलं आन सांगतलं — प्रत्येकाचे दोन भाव. एक, त्याच्या तासाचे गिऱ्हाइकाले किती लावाचे. दुसरा, तो तास आपल्याले कितीले पडते — पगार, गाडीभाडं, चहापाणी सगळं धरून. लावलेल्यातून पडलेलं काढा, उरलं ते कामाचं खरं तोंड. सोपं आहे. दोन महिने सगळ्याइनं तास लिहिले, मी बी लिहिले, इमानदारीनं. समुद्रपूर, धुरे पाहणे, तीन तास. समुद्रपूर, गोष्ट सांगणे, दोन तास. — हाव, तसंच लिहिलं. आमची नकाशावाली सोनम म्हणे, काका, हे खोडा, हे काम नोहे. मी म्हटलं, पोरी, मी गोष्ट नाई सांगतली तं तू नकाशा कायचा काढशीन, आभाळाचा?

आता तुमाले खरं सांगाचं तं — सांगाचं नव्हतं, पण तुमी परक्या आहात, परक्या माणसाले सांगणं सोपं जाते — मले भेव सुटलंच होतं. श्रावणात नाल्यात घसरलो, गुडघा गेला. तवापासून वावरात कमी, ऑफिसात जास्त. त्यात भैयाजीनं ते उडणारं यंत्र घेतलं, ड्रोन. अंकित नावाचा इंजिनिअर ठेवला ते उडवाले. तीनशे एकर म्हणे सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत. त्याले ना चहा लागत, ना त्याले गुडघा. मी पाहून राह्यलो. आपली खुर्ची कोणत्या दिशेनं सरकून राह्यली, हे माणसाले बसल्या जागी समजते. त्यात भैयाजीच्या चकरा सुरू झाल्या वकिलाकडं. एक दिवस म्हणते, रूप्या, दोन फोटो आन आधार कार्ड आणजो. कायले? असू दे म्हणे, आन मिशीत हासला. मी समजलो. माणसाचा हिशेब चुकता कराचा तं कागद लागतेच.

आन मंगळवारी पक्कं झालं. भैयाजी जेवाले गेलता. त्याच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद, त्याच्या हातचा — तुमच्यासाठीच मांडून ठेवलेला. सगळ्याइचे नावं, पुढं दोन-दोन आकडे. सोनम, सहाशे, एकशे ऐंशी. अंकित, आठशे, अडीचशे. आन सगळ्यात खाली मी. रूपराव, नऊशे — आन पुढं आकडाच नाई. दोन शब्द. लागत नाही. पाहा म्हणजे. बावीस वर्षं लुनावर मागं बसला तो रूपराव, लागत नाही. गिऱ्हाइकाले माह्या नावाचे ताशी नऊशे लावाचे, सगळ्याइपेक्षा जास्त, आन माणूस लागत नाही. नाव लागते, माणूस नाई लागत. तोंडावर सांगतलं असतं, रूप्या, आता जमत नाई, घरी बस — बसलो असतो. इथंच बोरगावात दोन खोल्या आहेत माह्या, पोरगी तिच्या घरी सुखी आहे. पण लिहून ठेवाचं? आन तेही शुद्ध. बावीस वर्षं माह्याशी 'नाई' बोलला, आन कागदावर 'नाही'. दोस्त शुद्ध लिहाले लागला ना मॅडम, का समजाचं, मजकूर वकिलाचा आहे.

विचाराचं होतं म्हणता? कोणाले? ज्यानं लिहिलं त्याले? तो जेवून आला, टेबलावर बसला, मले म्हणे, काऊन रे, तोंड काऊन उतरलं. पाहा हिंमत. मी म्हटलं, उपास आहे. मंगळवार होता, खपून गेलं. आन मंग मी वर्ध्याले गेलो, चहा प्याले. — हाव, बोरगावात चहा मिळते. पण ताराचंद बोरगावात नाई बसत. ताराचंद म्हणजे — जाऊ द्या. आमच्यासारखंच मोजणीचं ऑफिस आहे त्याचं, स्टेशनच्या रस्त्यावर. गिरडचा लिफाफा तोही भरणार होता. माणूस भला आहे तसा. सांबारवडी मागवली त्यानं, मी दोन खाल्ल्या, उपासाचं इसरूनच गेलो. त्यानं काही विचारलं नाई हो. मीच बोललो. पोट भरलं का माणूस बोलते. बोलता बोलता — तुमाले चहा सांगू का? नको? बरं.

दाखवा बरं, तुमच्या यंत्रात माह्या नावापुढं काय भरलं ते. फिरवा इकडं. थांबा, चष्मा — हं. हे हिंदीत काऊन? भैयाजीनंच तसं ठेवाले सांगतलं? बरोबर, शिक्षण जबलपूरचं त्याचं, आकडा हिंदीतच मोजते तो अजून. नाम. बिल दर. लागत दर.

लागत दर?

वर नका सरकवू, थांबा. लागत म्हणजे — आता कापसाची लागत मले समजते. बियाणं, खत, फवारा, वेचाई, एकराले एवढी लागत. तुरीची समजते, संत्र्याची समजते. पण माणसाची? ते तं आमी म्हणतो तो कितीले पडते. माणसाले बी लागत असते, हे मले बावन्न वर्षात कोणी नाई सांगतलं. म्हणजे ते — रूपराव, मंग लागत, मंग नाही. दोन शब्दाच्या मधात रेघ होती का हो कागदावर? असंन. होतीच असंन. बोटभर इकडं तिकडं न होणारा माणूस मी, आन रेघ नाई पाह्यली.

पण मले महिन्याचा पगार आहे ना, मंग माही लागत नाही कशी? मी काय फुकट आहे? — काय? पुन्हा सांगा. हळू सांगा. भागीदार कोण? — दाखव पोरी, दाखव तो दुसरा कागद, भैयाजीनं तुले पाठवलेला, वकिलाचा. हे नाव माहंच आहे. फोटो बी माहाच, डोळे मिटलेला. पुढच्या एक तारखेपासून पगार बंद, नफ्यात वाटा, रुपयात — रुपयात चार आणे. चार आणे लिहिलं त्यानं. कागदावर बी मस्करी केली, हरामखोरानं. मालकाचा आन भागीदाराचा तास लागतीत धरत नाई, असं त्याचं मत, आन तू म्हणतेस धराले पाहिजे, नाई तं काम फुगून दिसते, नफा खोटा निघते. तेच विचाराले तू आज आली. बरोबर म्हणतेस, पोरी. तुहंच बरोबर आहे. फुकट कोणीच नसते, भागीदार तं अजिबातच नाई. आन भागीदारीतलं पहिलं काम कोणतं धरलं त्यानं? — नको सांगू. गिरडचं.

आता ऐक. ऐकाचं तं पूर्ण ऐक. मंगळवारी त्या कागदाचा मी फोटो काढलता, मोबाईलवर. तो मोबाईल ताराचंदच्या टेबलावर ठेवला, सांबारवडीच्या बशीपाशी, आन म्हटलं, घे, लिहून घे कोणाचे किती लावते भैयाजी. त्यानं माह्याकडं पाह्यलं. दोनदा विचारलं, रूपराव, नक्की? मी म्हटलं, लिही. लिहिलं त्यानं. फोटो मी तिथंच पुसून टाकला. भाव हातात आले का लिफाफ्याचा आकडा काढणं काही अवघड नाई, तास तं त्याले बी तेवढेच लागते. आमच्याखाली हजार रुपयानं भरला असंन तरी काम त्याचं. आन पैसा नाई घेतला मी, एक रुपया नाई, हे शपथेवर सांगतो. म्हणजे कसं झालं पाहा — भैयाजीच्या कागदावर माही लागत नाही, आन ताराचंदले मी दोन सांबारवडीत पडलो. बसते का हे तुह्या रकान्यात?

रडून नाई राह्यलो. गुडघा दुखते.

भैयाजीले तू नको सांगजो. तू काही ऐकलं नाई, तू आपली बसली होती खिडकीजवळ. — वाजला. साडेतीन. पाहा नाव, भैयाजी. लिफाफा अजून त्याच्या खिशात आहे, चारले अर्धा तास आहे, कोरा कागद त्याच्या बॅगेत असतेच. आकडा बदलून नवा लिहाले दहा मिनिटं पुरते. नाई सांगतलं तं काम जाईन आन मी राहीन, एक तारखेले सही करीन, पेढा खाईन. सांगतलं तं काम वाचन, आन मी — बिबट्याची सांगू का? त्याले पाठ आहे ती, तरी हासते. ही बी सांगतली तं आधी हासनच तो. त्याले वाटन, रूप्यानं नवी काढली. पोट धरून हासन, त्या सोलरवाल्या साहेबाच्या दारात, लोकाइपुढं, आन मंग विचारन, मोजून किती? आन मले म्हणा लागन, सोळा आणे.

उठा मॅडम. तो माहा रकाना मोकळा ठेवा सध्या, मी कितीले पडलो ते चारले समजन. लॅपटॉप घेऊन जा. आन दार ओढून घ्या जाताना, पूर्ण ओढा, ते आपोआप लागत नाई.

— हाव, भैयाजी. सांगतो. आज हासू नको.