औटकीच्या बैठका

सर्व संबंधितांना कळवण्यात येतं की पुढची बाब फार गंभीर आहे, कोणी हसायचं नाही. घाटकोपरला आमच्या चाळीत एकूण बत्तीस खोल्या, त्यात खरी जाडी माणसं दोन, आणि ती दोन्ही आमच्याच घरात. एक मी, नलिनी, तेव्हा वय बावीस, आणि दुसरा माझा धाकटा भाऊ अविनाश, वय वीस. लिहिलंत? मग आता हसा, चाळ पण हसायची. आम्ही दोघं गॅलरीतून चाललो की खालच्या मजल्यावरच्या माने काकू ओरडायच्या, अरे एकेक जण जा रे, पोपडे पडतात माझ्या भाकरीवर.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि बाबा बोलायचे बंद झाले, खिडकीत बसून राहायचे. मग घरात आवाज राहिला फक्त आईचा, आणि आईला दुःखावर एकच औषध माहीत, ते म्हणजे भात. काय सांगू तुम्हाला, अव्या नव्वद किलोचा झालेला, दारातून आडवा होऊन आत यायचा, आणि आई त्याच्या ताटात भाताचा ढीग घालत म्हणायची, खा रे झिला, हाडां दिसतत तुझी. कुठली हाडं? आम्ही पण शोधत होतो.

अव्या स्वभावाने लोणी. पण डोकं चालायचं नाही, म्हणजे बसला असेल तर चालायचं, उठून चार पावलं टाकली की बंद. रॉकेल आणायला पाठवला तर कोथिंबीर घेऊन यायचा. शेजारचे म्हणायचे चरबी मेंदूवर चढलीय, आणि तो पण हसत हसत तेच सांगायचा, ताई, माझ्या डोक्यात साय आलीय गं.

तर भांडुपच्या एका कारखान्यात बाबांच्या ओळखीने त्याला भांडारात मदतनीस म्हणून बोलावलं. परीक्षा कसली, तर साहेब खाली उभा राहून दहा वस्तू एकदाच सांगणार, नट, वॉशर, पट्टा, असलं काहीतरी, आणि तुम्ही तीन जिने चढून त्या घेऊन यायच्या. अव्या दुसऱ्या जिन्यावरच धापा टाकत बसला, आणि वर पोचला तेव्हा दहातली एकही वस्तू आठवेना. रिकाम्या हातांनी खाली आला. साहेब भला माणूस, म्हणाला, मे महिन्यात परत जागा निघेल तेव्हा ये, पण तेव्हा शेवटचं. अव्या घरी आला आणि पहिल्यांदा जेवला नाही. बाबा खिडकीतून वळून म्हणाले, जाऊ दे रे. बस, एवढंच. पण त्या जाऊ दे रे मध्ये काय होतं ते आम्हा दोघांना समजलं, की हा पण आता खिडकीत बसणार. म्हणून मी त्याला अण्णांकडे नेलं. मीच नेलं, हे लिहा.

अण्णा म्हणजे बाबांच्याच गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, चाळीच्या मागे पत्र्याची व्यायामशाळा चालवायचे, लाल माती, चार मुदगल आणि एक मारुतीची तसबीर. त्यांनी अव्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, याचं डोकं वाईट नाय गं, डोकं आणि पाय एकमेकांना ओळखत नाहीत, ओळख करून देऊ. आणि पद्धत काय काढली, तर एका बैठकीला पाढ्याची एक ओळ, मोठ्याने. खाली जाताना तीन औटे, वर येताना साडेदहा. आजच्या पोरांना सांगावं लागतं, औट म्हणजे साडेतीन, आमच्या आजोबांना औटकी झोपेत यायची. चुकलात की नियम एकच, पहिल्यापासून. आणि सगळ्या बैठका पुऱ्या होईपर्यंत पाणी नाही. तालमीतली जुनी माणसं तसंच मानायची, घाम येत असताना पाणी प्यायलं की छाती बिघडते म्हणे. कोणी विचारलं नाही कुठे लिहिलंय. आम्ही पण नाही.

मी पण करायचे, साडी खोचून. बाकीची पोरं हसतील म्हणून आम्ही लाजेपोटी वेळ मागितली दुपारी तीनची, तेव्हा व्यायामशाळा रिकामी असायची. पत्र्याखाली तीन वाजता काय होतं, ते कधी उभं राहून बघा.

पण यश आलं हो. दोन महिन्यांत अव्याचा पट्टा दोन भोकं आत गेला, आणि आईने सांगितलेल्या सात वस्तू त्याने बाजारातून सातच्या सात आणल्या, वर आठवं लिंबू स्वतःच्या मनाने. आई म्हणाली, माझ्या झिलाक बुद्धी इली. अव्या जिन्यावरून उड्या मारत पावकी म्हणायचा, माने काकू खालून ओरडायच्या, पाढे हळू म्हण रे मेल्या, पोपडे पडतायत. आम्ही सगळे खुशीत होतो. परीक्षा आठ दिवसांवर आली.

तो मंगळवार होता. आईने गणपतीला पाच मंगळवारचे उपास बोलले होते, आणि अव्याने स्वतःहून ठरवलं की हा शेवटचा निर्जळी करायचा. रात्रीपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. तो म्हणाला, ताई, सांगू नको, कळलं तर आज सुट्टी देतील, आठच दिवस राहिलेत. मी म्हटलं, नाही सांगत. हेही लिहा.

आदल्या दिवशी औटकी त्याने घडाघडा म्हटली होती. त्या दिवशी पाचपर्यंत गेला, सहा औटे म्हणाला आणि सांगितले सोळा. अण्णा म्हणाले, एकवीस रे गधड्या, पहिल्यापासून. मी मोजत बसले होते, हसले. परत सुरू झाला, चार औटे म्हणाला आणि थांबला, आणि म्हणाला आई. मी म्हटलं, अण्णा, याच्या पाढ्यात आई आली, आणि अण्णाही हसले, म्हणाले पहिल्यापासून. तिसऱ्यांदा दोन बैठका मारल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, ताई, लाईट का घालवलीस? तीन वाजले होते हो दुपारचे, दारातून ऊन आत येत होतं. आणि मी हसले. सगळ्यात मोठ्याने तेव्हा हसले, मला वाटलं बैठका चुकवायला नाटक करतोय, नाटक करण्यात आमच्या घरात मी एक नंबर, तो दोन. मग तो मातीत बसला आणि आडवा झाला.

हात लावला तर अंगावर घाम नाही, कोरडं, आणि तव्यासारखं तापलेलं. अण्णांनी त्याच्यावर बादली ओतली, रिक्षात घातला, मांडीवर डोकं घेऊन मी बसले. हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता, त्याने विचारलं, हा असंबद्ध बोलायला कधी लागला? मी म्हटलं, सहा औटेपासून. तो म्हणाला, काय? मी परत म्हटलं, सहा औटेपासून. मग अण्णांनी सगळं सांगितलं, आणि तो डॉक्टर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, बोलणं बिघडलं तेव्हाच थांबायचं होतं, ती चूक नव्हती, ती खूण होती.

गुरुवारी पहाटे अव्या गेला. त्याला उचलायला सहा जण लागले, आणि त्या दिवशी माने काकूंनी भाकऱ्याच केल्या नाहीत. अण्णा तेराव्याला दारात आले, आत आले नाहीत. मला एवढंच म्हणाले, आपण हसलो ना गं. मी म्हटलं, हो. व्यायामशाळा त्यांनी परत उघडली नाही. आई शेवटपर्यंत माझ्या ताटात भात कमी कमी वाढत गेली. बाबांच्या शेजारी खिडकीत मीच बसायला लागले, वर्षभर.

पुढचं लांबण नको. आता मी बोरिवलीला राहते, वजन विचारू नका, सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला माझा वर्ग असतो. कॉलेजची पोरं-पोरी येतात, शंभर-शंभर किलोची, आई-वडील सांगतात दिवसभर पडून असतात, काही लक्षात राहत नाही हो. मी तेच करते, बैठक आणि पाढा, कारण ती पद्धत खोटी नव्हती, मी स्वतः बघितलंय, सातच्या सात वस्तू आणि वर लिंबू. हल्ली म्हणे यालाही शास्त्र आहे, असेल. अण्णांचे नियम मात्र मी उलटे केलेत. पंखा चालू, खिडक्या उघड्या, उपास असेल त्याने दारातूनच परत जायचं. आणि कोणी चुकलं की पहिल्यापासून नाही, सगळा वर्ग थांबतो, चुकलेल्याने बसायचं, पाणी प्यायचं, मी त्याचे डोळे बघते, कपाळ बघते, घाम आहे का बघते, नाव विचारते, आजचा वार विचारते. पोरं माझी नक्कल करतात, करू देत. पाढ्यात चूक ऐकली की अजून मला सहा औटे सोळा ऐकू येतं, आणि ते कोणाला सांगता येत नाही म्हणून मी जास्तच आरडाओरडा करते.

परवाचीच गोष्ट. श्वेता म्हणून एक पोरगी आहे, गोड, गोलमटोल, बारावीला. सतरा साते म्हणाली एकशे तेरा. थांबवलं. बसवलं, पाणी दिलं. परत उठली, सतरा साते एकशे नऊ. परत बसवलं, दुसरा पेला, कपाळाला हात लावला, वार विचारला. तिसऱ्यांदा म्हणाली एकशे बावीस, मी धावत जाऊन तिसरा पेला तिच्या तोंडाला लावला, अर्धा तिच्या अंगावर सांडला, आणि ती पोरगी सगळ्यांसमोर रडकुंडीला येऊन ओरडली, अहो मावशी, मला काही होत नाहीये ओ, मला सतराचा पाढाच येत नाही!