देवरामचं सोंग

ऐका तर, परवा नळावर बायका बोलत होत्या, "देवराम मुंबईत नुसती सोंगं घेतो..." पुढचं हंड्यांच्या आवाजात गेलं. देवराम आमच्या शेजारच्या सोनीवहिनींचा मुलगा. मी समजले, पोरगा कामधंदा करत नाही. आणि त्याच दिवशी मोखाड्याहून मुलीचे वडील त्याला बघायला यायचे होते! मग काय, साखर मागायचं निमित्त केलं आणि त्यांच्या ओटीवर जाऊन बसले.

बातमी माझ्याआधी पाहुण्यांच्या कानावर पोचली होती. चहा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही कामाचं सोंग घेता म्हणे?"

"कामाचं नाही मामा, अस्वलाचं," देवराम लाजत म्हणाला. "मॉलच्या दारात अस्वल होऊन नाचतो, पोरं हसवतो. तीच नोकरी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. झालं, मोडलं लग्न!

मामा पुढे सरकले. "मुखवटा जड असतो?"

"लई. आत घामानं आंघोळ."

"आम्हाला सांगता? आमच्या बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर देवांची सोंगं नाचतात, त्यात नरसिंहाचा मुखवटा नाचवायचा मान आमच्या घराचा आहे. राहता कुठं?"

"मॉलच्याच मागं. हापिसं, हॉटेलं, सिनेमे, सारखी गर्दी नि वाजंत्री."

"म्हणजे बारा महिने बोहाडाच की! पोरीला करमेल. नाचा बघू जरा."

देवराम ओटीवरच नाचला. मामा मान हलवत म्हणाले, "सोंग घेता हे अर्धंच खरं. नाचता कुठं येतंय? यंदा बोहाड्याला या, जावई करून शिकवतो."